वीतभर

दुकानातला मुलगा अदबशीर आहे, ओस्कू नावाचा.
म्हणतो, सगळ्यात लहान हाच,
आणि काउंटरवर ठेवतो
राईच्या पावाच्या तुकड्याएवढी काळी काच.

मी माझा काढून शेजारी ठेवते.
कोपरा फुटलेला, पाठीवर पिवळी चिकटपट्टी.
फोटोसाठी मोठ्या भावापाशी उभं केलेलं
शेंबडं पोर.

ओस्कू हसत नाही, हे त्याचं चांगलं.
एवढंच विचारतो, अजून चालतो हा?

चालतो.
दुपारी साडेतीनपर्यंत चालतो.
डिसेंबरात सालोमध्ये
दिवसही तेवढाच चालतो.

मुठीने मोजायची गोष्ट
लोक वितीने कधी मोजू लागले, कळलंच नाही.
माझं काम म्हाताऱ्यांच्या घरी.
एका हातात आर्वोचा दंड,
दुसऱ्या हाताने नोंद करायची: गोळी दिली, लापशी खाल्ली,
खिडकी उघडायला नको म्हणाला.
तिसरा हात कामावर दिलेला नाही.
मैत्रिणीचा नवा फोन एकदा घेऊन पाहिला;
वरच्या कोपऱ्यासाठी अंगठा
टाचा उंचावून बरणीकडे बघणाऱ्या पोरीसारखा
नुसताच ताणत राहिला.
आणि गणवेशाच्या खिशातून तो असा डोकावत होता
की आर्वोने विचारलं,
कुणाला घेऊन आलीस?

याच गावात मी अकरा वर्षं फोन केले.
केले म्हणजे लावले नाहीत,
बनवले.
पट्ट्यावरून ते यायचे नव्या बटाट्यांसारखे
आणि मी प्रत्येकाच्या पाचावरून अंगठा फिरवायची.
पाचावर एक बारीक उंचवटा असायचा,
अंधारात अंगठ्याला घर सापडावं म्हणून.
तो नसेल तर माल परत.

तेव्हा सगळ्यांना लहानच हवा होता.
दर वर्षी आणखी लहान.
वरून निरोप यायचा: मुठीत नाहीसा झाला पाहिजे.
आम्ही नाहीसा करून दाखवला.
मग आम्हीही झालो,
मुठीत नाही,
दीड पानाच्या एका पत्रात.

हे ओस्कूला सांगत नाही.
तो तेव्हा जन्मला असेल नसेल.

पण खोटं कशाला बोलू,
परवा बहिणीचा व्हिडिओ कॉल आला, गोथेनबर्गहून.
सेइया माझ्याकडे तिकिटाएवढी येते,
तिच्या मागचा पडदा अर्ध्या तिकिटाएवढा.
तिने नातवाला पुढे ओढलं, म्हणाली, बघ, पहिला दात पडला!
मी हो हो, वा वा म्हटलं.
दात कुठे होता आणि कुठे नव्हता
मला दिसलंच नाही.
तेवढ्यासाठी तर आले होते आज,
पैसेही मोजून आणले होते.

ओस्कू, तुझा हात दाखव.
तो बिचकतो, मग दाखवतो.
करंगळीच्या आतल्या बाजूला घट्टा,
जिथे फोन टेकतो तिथे.
तुझाही अंगठा पोचत नाही की रे.
सवय होते, तो म्हणतो,
आर्वो गुडघ्याबद्दल म्हणतो तसं.

जुन्याची बॅटरी मिळेल?
तो आत जातो, बराच वेळ खण उघडतो, मिटतो.
एक आहे. शेवटची.
फार दिवस पडून आहे,
किती टिकेल सांगता येत नाही.
माझंही नाही, मी म्हणते. बसव.

तो चिमट्याने माझ्या फोनची पाठ उघडतो.
मी तोवर मोठा हातात धरून बसते.
चांगला आहे. थंड आहे.
यात सेइयाच्या पडद्यावरची फुलंसुद्धा दिसली असती.
कुणाचं लक्ष नाही बघून
काचेवर, जिथे पाच असायला हवा तिथे,
अंगठा फिरवते.

एकदा. पुन्हा एकदा.

पुढच्या हिवाळ्यात बघू.
तोवर दातही
आलेला असेल.