पडायला हवा तेव्हा

जानेवारी. ॲरिझोनाचं वाळवंट.
क्वार्ट्झसाइटच्या बाजारात ताडपत्रीखाली
एक माणूस ब्रेकर विकतोय,
बटाटे विकावेत तसे, ढिगाने.
मी एक उचलला. हलका.
हलवला तर आत काहीतरी खुळखुळलं.
वर छापलेलं : पन्नास अँपिअर.
"एकदम भरवशाचा," तो म्हणाला,
"माझ्या गाडीत चार वर्षं आहे,
एकदाही पडला नाही."

मी तो परत ढिगात ठेवला.

एकतीस वर्षं मी मोंटानात शाळेची बस चालवली.
ब्रेक लागतो की नाही
हे उतारावर बघायचं नसतं.
डेपोत बघायचं, अंधार असताना,
पहिलं पोर चढायच्या आधी.

माझ्या ट्रेलरमधला जुना ब्रेकर उलट्या स्वभावाचा.
पन्नासाची पाटी लावून तिसातच दमायचा.
दुपारी छतावरची चारही पॅनल रंगात आली
की हा तव्यासारखा तापणार,
आणि टक.
बॅटरी उपाशी, ऊन वाया.
मी चिडून खटका वर करायचे, तो पुन्हा खाली.
लहान पोरासारखं भांडण, रोजचं.

पण निदान पडायचा तरी.
हॉलिस क्रेबचा पडला नाही.

त्याच्या ट्रेलरखाली एक वायर चौकटीला घासत होती,
किती मैल, कुणास ठाऊक.
तिचं कातडं सोललं त्या रात्री
ब्रेकर आतल्या आत वितळून चिकटून बसला.
हॉलिस कुत्र्याला काखोटीला मारून बाहेर पडला.
सकाळी उरलं होतं :
दोन चाकांच्या तारा, शेगडीची जाळी,
आणि काळा पडलेला एक डबा.
तो त्याबद्दल बोलत नाही.
पिकअपमध्ये झोपतो.
येताना मल्टिमीटर घेऊन येतो, बस.

मला शिकवलं ते युला बेगेने.
तांब्याच्या खाणीत वीज सांभाळून हाडं झिजवलेली बाई.
"घरातला ब्रेकर इथे लावू नकोस," ती म्हणाली.
"घरातली वीज सेकंदाला एकशेवीस वेळा शून्यावर येते,
तेवढ्यात ठिणगी विझून जाते.
तुझ्या बॅटरीची वीज थांबतच नाही.
तोंडं वेगळी झाली तरी
मधल्या हवेवर पूल बांधून बसते.
म्हणून डीसी लिहिलंय का बघ. किती व्होल्टचा, ते बघ.
शॉर्ट झाला तर किती हजार अँपिअर तोडेल, तेही.
आणि अधिकची खूण एकाच टोकाला असेल
तर उलटा जोडू नकोस, ऐन वेळी दगा देईल."

मी लिहून घेत होते. तिने पेन्सिल धरली.
"आधी वायर मोज.
ब्रेकर यंत्रासाठी नसतो, पोरी,
वायरीसाठी असतो."

मी अडुसष्ट वर्षांची आहे.
पोरी म्हणून घ्यायला बरं वाटलं.

मग युमापर्यंत गेले. दीड तास.
वजनदार, काळा, कंपनीचा कागद सोबत.
किंमत ऐकून पोटात खड्डा पडला.
तरी घेतला.

बसवला. स्क्रू युलाच्या पान्याने आवळले,
जितके सांगितले तितकेच.
दुपारी सव्वाबाराला तळहात ठेवला :
कोमट, आजारातून उठलेल्या माणसाच्या कपाळाइतका.

मग हाताने खटका पाडला.

टक.

पॅनलचा आकडा शून्य.
एवढ्या मोठ्या संसारात मला
"पुरे" हा शब्द इतका स्वच्छ
कधी म्हणता आला नव्हता.

दारात हॉलिस उभा होता, कुत्रा पायाशी.
"पुन्हा," तो म्हणाला.
मी खटका वर केला. खाली केला. टक.
"पुन्हा."
टक.
सहाव्यांदा त्याने डोळे मिटले होते.
सातव्यांदा मल्टिमीटर खिशात घातला
आणि म्हणाला,
कॉफी असेल तर दे.