नडगी

भांडुपच्या म्युनिसिपल शाळेचा हॉल,
शहाबादी फरशी, खाली नुसतं काँक्रीट.
बावीस वर्षं इथं कथक शिकवतेय,
आणि दुखतंय म्हणणाऱ्या प्रत्येकीला
एकच सांगत आलेय:
तत्कार चुकवू नकोस.

शलाकानं तीनदा सांगितलं.
तिसऱ्यांदा घुंगरू सोडता सोडता,
खाली मान घालून,
जणू फी थकलीय.

आज तिची आई एक्स-रे घेऊन आली.
ट्यूबलाइटसमोर धरला आम्ही.
नडगीवर एक बारीक रेघ.
मला आधी तो केस वाटला,
बोटानं झटकायला गेले.

मुलींची सम चुकली
तर मला पाठमोरीलाही ऐकू येतं.
हे कसं नाही आलं?

आई गेल्यावर जरा टेकले.
उठताना डावा हात
आपोआप गुडघ्यावर गेला.
अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यापासून जातो.
माझ्या बाईंना मी
एकदाही बोलले नव्हते.

शिपायाला विचारायचंय,
लाकडी फळ्या टाकू देतील का.

उद्या तत्काराआधी मुलींना विचारीन,
कुणाचं काय दुखतंय.
आणि गप्प उभी राहीन,
कुणीतरी बोलेपर्यंत.