दुधातला दात

बोरीच्या थांब्यावर खिल्लारे मॅडम चढल्या
तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा गिलास होता,
वर तळव्याचं झाकण.
मागे तमन्ना पठाण, सातवी ब,
तोंडात ओढणीचा बोळा, ओढणी लाल.
खो-खोत खांबाला वळण घेताना
पोरगी वळली, तोंड राहिलं खांबावर.

मी बोटांनीच विचारलं, किती?
मॅडम म्हणाल्या, दोन. आणि हा एक दात,
ह्याला तिकीट असेल तर फाडा.

थंड दूध, पिशवी फोडून ओतलेलं.
टपरीवाला सवयीनं उकळतं देत होता,
त्याच्यावर ओरडल्या म्हणे.
तळाशी दात.
तोंडात केवढासा दिसतो,
मुळासकट बाहेर आला की केवढा लांब!

मग अख्ख्या गाडीला डॉक्टरकी आठवली.
एक म्हणाला, माती लागलीय, खसाखसा पुसून घ्या.
एकीनं राख सुचवली.
झरीला उतरणारे म्हातारे म्हणाले, पत्र्यावर फेका,
उंदीर नवा देतो.
मॅडम म्हणाल्या, बाबा,
उंदराचा करार दुधाच्या दातापुरता.
हा दुधाचा नाही,
दुधातला आहे.

आणि सांगत राहिल्या, फळ्यासमोर सांगाव्यात तशा:
वरून धरायचा, मुळाला बोट नाही,
घासायचा नाही, सुकू द्यायचा नाही.
जागेवर बसवून पाहिला, लेकरू थरथर कापलं, बसेना.
म्हणून दूध. आता फक्त घड्याळ.

मी डबल बेल मारली. केंद्रे ड्रायव्हरनं
आरशातून माझ्याकडं बघितलं, मग गाडी पळवली.
मधल्या वस्तीवर एकानं हात केला होता.
त्याची माफी इथं मागते.

एवढ्या वेळात मी एक शब्द बोलले नाही
हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.
लवंग झाली होती, कापूर झाला होता,
दाढेजवळ गोळीची पूड धरली, तिथली कातडी भाजली.
मग परवा ठणका एकाएकी थांबला.
मी नारळ फोडला.
गाल सुजला होता, पण मफलर होता.

परभणीला स्टँडसमोरचा जिना.
पोरीचं दप्तर वर नेऊन द्यावं म्हणून गेले, एवढंच.
मानवतकर डॉक्टरणीनं दात उचलला, धुतला, बसवला.
आवाज नाही, काही नाही,
आपल्याच कुलपात आपली चावी.
शेजारच्या दातांना तारेनं बांधला.
मग हातमोजे काढता काढता दाराकडं बघितलं.

मफलर काढा.
तोंड उघडा.
उघडलं म्हणजे काय, एक बोट उभं मावेना.
थुंकी गिळताना दुखतं? मान हलवली.
ताप? हलवली.
जबड्याखाली दाबून बघितलं, लाकूड.
ठणका कधी थांबला?
परवा, मी दातांमधून म्हटलं.

त्या म्हणाल्या, बरा नाही झाला बाई, दात मेला.
आता पू गळ्याकडं वाट शोधतोय.
पोरीचा गेला असता तर दात गेला असता.

मी म्हटलं, साडेतीनची फेरी आहे.
त्यांनी ऐकलंच नाही. फोन लावला होता,
सिव्हिलला, माझं नाव सांगत होत्या,
उषा मुंढे, वय एकेचाळीस, श्वास अजून ठीक.
'अजून' हा शब्द एवढा जड असतो
हे मला माहीत नव्हतं.

अठरा दिवसांनी ड्युटीवर आले.
जबड्याखाली टाक्यांची रेघ, आत एक दाढ कमी.
बोरीला तमन्ना चढली, तार निघालेली.
पुढच्या दातांनी ऊस नाही, पेरू नाही,
रंग काळवंडतो का बघत राहायचं,
धरेल की नाही डॉक्टरीण अजून सांगत नाही.
पण हसली. मीही.

टपरीवाला गाडीच्या दाराशी आला.
ताई, माझा गिलास कुठं आहे?

मी तोंड उघडलं,
तीन बोटं उभी मावतील एवढं उघडलं,
आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले,
सापडला की देते!