आरसा

आरडी पिकली जानेवारीत.
साठ हप्ते, माझ्याच खिडकीतून
माझ्याच ठप्प्याने भरलेले.

रत्नागिरीच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
काकू, मुलासाठी बघताय?
म्हटलं, काकणासाठी.
त्याला वाटलं, सोनाराकडे जायची बाई चुकून इकडे आली.
मग सांगितलं: पक्षी आहे रे. मुरूडच्या वाटेवर
सातविणीच्या शेंड्याला घरटं आहे त्याचं,
दरवर्षी तेच, दरवर्षी चार काटक्यांनी वाढलेलं.

तो मेगापिक्सेल सांगत सुटला.
आकडे चढत गेले, लिलावात चढतात तसे,
आणि मासा अजून टोपलीतच.
आरशाचे कॅमेरे आता कोण घेतं, काकू?
बिनआरशाचा घ्या, हलका. आत पडदा असतो,
सगळं पडद्यावर दिसतं.
पडदा मी दहा ते पाच बघते,
बहुतेक वेळा सर्व्हर डाऊन असलेला.

तरी दोन हातात घेऊन बघितले.
एकाचं बटण आपणहून बोटाखाली आलं,
दुसऱ्याचं शोधावं लागलं.
हर्णैच्या बंदरावर हिरा पावसे
पापलेट नुसतं तळव्यावर उचलून वजन सांगते,
तसा मी उचलला: सातशे ग्रॅम, काच सोडून.
पोरग्याने पत्रक पाहिलं. सातशे वीस.
विकत मात्र घेतला नाही.

इजाझ मुकादमचा स्टुडिओ मशिदीच्या गल्लीत.
अकराशे लग्नं काढलेला माणूस,
स्वतःच्या लग्नाचा एकही फोटो नाही.
म्हणाला, बॉडी जुनी चालेल गो, काच नवी घे.
आणि समुद्राला भी.
पाण्याला नाही, वाऱ्याला. वारा काच खातो.
मग एक जुनी लेन्स उजेडासमोर धरली.
आत बुरशी, बारीक, फांद्या फुटलेली,
आंजर्ल्याच्या खाडीचा कुणी नकाशा काढावा तशी.
बाकीच्या लेन्सा एका लाकडी कपाटात,
आत झिरोचा बल्ब, चोवीस तास.

शेवटी त्याने स्वतःच्या कॅमेऱ्याची काच फिरवून काढली.
आत बघ.
आत पोस्टाच्या तिकिटाएवढा आरसा, तिरका.
त्याने बटण दाबलं. आरसा उडाला, पडला.
म्हणाला, आरसा वर गेला की तुला काळोख,
आणि फोटो तेवढ्यातच निघतो.
आधीचं तुला दिसतं, नंतरचं दिसतं,
मधलं फक्त याला.

बावीस वर्षं मी तिकिटांवर ठप्पा मारते.
तारीख उमटते तेव्हा तिकीट ठप्प्याखाली असतं,
मला दिसत नाही. आवाज येतो.
तोच आवाज होता, थोडा बारीक.

हाच द्या, म्हटलं.
तो गप्प झाला. पट्टा काढला, परत लावला.
एकेचाळीस हजार वेळा मिटलेला डोळा.
कोपऱ्यावर ओरखडा, दाभोळच्या जेट्टीवरच्या वरातीतला.
पैसे मोजून घेतले, दोनशे परत दिले,
बल्ब आणि होल्डरला.
उरलेल्या आरडीतून तीनशेची लेन्स, नवी,
वॉरंटी कार्डावर माझं नाव,
आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याही कार्डावर
नवऱ्याच्या नावाशिवाय.

रविवारी काकण आलं, पंजात समुद्रसाप घेऊन.
मी दाबलं.
आलं ते असं: दीड पंख, सापाचं शेपूट,
बाकी सगळं आकाश, तेही जरा पांढरं.
इजाझ म्हणाला, शटर वाढव, हजाराच्या वर ने.
खिडकीवरच्या पॅडच्या मागे लिहून ठेवलं.
तो फोटो काही पुसला नाही.

कपाट माझंच. वरच्या कप्प्यात कॅमेरा,
खाली साड्या. फटीतून रात्रभर उजेड.
यांनी दोनदा विचारलं, आत कोण जागं आहे?
सकाळी ऑफिसला नेसायला काढते
तेव्हा साडी कोमट लागते,
नुकतीच कुणीतरी नेसून ठेवल्यासारखी.