सतरा इंच

होळीच्या आधी माझ्या दुकानात कूलरच्या स्टँडांची रांग लागते.
चार पाय, वर चौकट, माप ठरलेलं.
डोळे मिटून अँगल कापतो.

रायवंताबाईची सून आली, स्कूटीवरून न उतरताच बोलली,
"बुढी घसरली होती ना दिवाळीत, न्हानीत.
खुब्यात रॉड टाकला.
आता पाटावर बसली तं उठता येत नाही.
आंघोळीची खुर्ची नागपूरले भेटते म्हनतात,
चार हजार.
तू पाह्य ना काही."

टेप घेऊन गेलो.

न्हाणी म्हणजे परसात तीन बाजूंनी टिना,
चौथीकडे जुनी साडी.
मागच्या दारापासून सोळा पावलं,
आधी सागाचा उंबरठा, मग दोन पायऱ्या,
मग ती हिरवी पडलेली फरशी.
लहानपणापासून या परसात येतोय मी,
इथली उंची मोजावी असं कधी वाटलं नव्हतं.

"खाटेवर बस, पाय खाली सोड."
गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप धरली.
सतरा.

ती घोट्यावर बोट ठेवून म्हणाली,
"तुह्यं डोस्कं इथं रायत होतं, खुशाल.
आन् पाय इथं, मांडीपाशी.
लय लाता मारे तू."

गावातली निम्मी पोरं या नडग्यांवर न्हाली.
सरपंच न्हाला, पोस्टातला चिंधू न्हाला,
कोतवालाच्या जुळ्या पोरी एकामागून एक न्हाल्या.
पाणी ती कोपरानं पाहायची,
तळहात खोटं बोलतो म्हणायची.
आता तिच्या अंगावर दुसऱ्या कोणाचा मग्गा,
आणि पाणी कधी कडक, कधी थंडगार.

पाइप जुन्या बोअरचा.
बसायला निवार विणली, खाटेसारखी,
म्हणजे पाणी थांबणार नाही.
पायांना ट्रकच्या ट्यूबचे बूट.
दुकानात खुर्ची खणखणीत उभी राहिली,
न्हाणीत डुगडुगली.
खुर्ची सरळ होती, फरशी मोरीकडे उतरती.
परत नेली. पुढचे दोन पाय
पाऊण इंच वाढवले.

भिंतीचा दांडा पाहून ती भडकली,
"मी का बैल आहो, दावनीले बांधाले?"
दांडा तसाच टिनाला टेकवून ठेवला.
आठ दिवसांनी सुनेचा फोन:
"बसवून दे म्हनते. डाव्या हाताले पाह्यजे म्हनते."

उंबरठ्याला मुलगा हात लावू देईना.
लक्ष्मी येते म्हणे त्याच्यावरून.
रायवंताबाई खाटेवरूनच,
"लक्ष्मीलेबी गुडघे असनच ना बाप्पा."
करवत त्यानंच चालवली शेवटी.
भुसा गोळा करून तुळशीत टाकला.
पायऱ्यांच्या जागी उतार झाला,
त्यावर ओल्या सिमेंटात खराट्याच्या रेघा,
आणि एका कोंबडीची पावलं.

"पैसे किती झाले?"
मी म्हणालो, राहू दे.
"काहून राहू दे? तुह्या मायनं
मले लुगडं देल्लं, पायलीभर तांदूर देल्ले.
थो हिशेब तवाच फिटला. आकडा सांग."
अकराशे सांगितले.
कनवटीतून मोजून दिले, पन्नास कमी.

मग म्हणाली,
"साडी काढ. मले दार पाह्यजे.
कडी आतून."
सून घाबरली. पडल्या तर? कोण काढील?
दिवाळीपासून रोज तिघी-चौघींसमोर उघडी बसलेली ती,
काही बोलली नाही,
नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

कडी बनवायला दोन रात्री गेल्या.
आतून लागते.
बाहेरून खाचेत एक रुपयाचं नाणं घालून फिरवलं
की उघडते.
हे सुनेला दाखवलं, तिलाही दाखवलं,
लपवलं नाही.

बुधवारी सकाळी बिजागरीला तेल द्यायला गेलो.
दार बंद होतं.
सून ओट्यावर तांदूळ निवडत,
पदराच्या गाठीत नाणं.
आत पाण्याचा आवाज, मग काही नाही,
मग पुन्हा पाणी.
आम्ही दोघं थांबलो.
तेलाची कुपी हातात घेऊन किती वेळ
ते मी मोजलं नाही.