हातचा

चौतीस वर्षं ऑगी स्टॅन्केविच ओरडला.
शिकागोत, सोयाबीनच्या सौद्यांच्या अष्टकोनी खड्ड्यात,
पिवळ्या जाकिटात, पायरीवर कोपर रोवून.
तळवा आपल्याकडे: घेतो.
तळवा जगाकडे: विकतो.
मग खड्ड्याला कुलूप लागलं.
आवाज तर त्याआधीच बसला होता.
डोलोरेसने जाकीट तीनदा धुतलं,
दुसऱ्यांच्या घामाचा वास काही गेला नाही.

आता तो तळघरात बसतो,
वॉशिंग मशीनच्या शेजारी.
तीन पडदे, एक पंखा,
आणि बेसबॉलच्या मोसमाचे दोन हजार चारशे तीस सामने.
पीक वेगळं, बाजार तोच, म्हणतो.

तेव्हा आयोवावरचे ढग बघायचा,
आता मैदानावरचे झेंडे.
वारा तळ्याकडून आत येत असेल
तर उंच उडालेला चेंडू कुंपणाच्या अलीकडेच दमतो.
त्या दिवशी धावा कमी. कमीवर लावायचे.
शंभरात दोनाचा फायदा दिसला
तर पोत्यातून एक मूठ. पोतं नाही.

डोलोरेस जिन्यावरून विचारते, कोण जिंकलं?
त्याला खरंच ठाऊक नसतं.
सकाळी घेतलेला भाव
सामना सुरू होईस्तोवर आपल्या बाजूला सरकला का,
तेवढंच तो बघतो.
सरकला असेल तर हरूनही शहाणा,
नसेल तर जिंकूनही नुसता नशीबवान,
आणि नशीबवान माणसं त्याने खड्ड्यात पुष्कळ पाहिली होती.
पुढच्या हंगामात त्यांची जाकिटं दुसरे घालायचे.

रेन्फ्रो नावाच्या पिचरचा फिरका
मिनिटाला दोनशे फेऱ्यांनी उतरला.
रेन्फ्रोच्या कोपराला ते अजून कळलं नव्हतं,
ऑगीला मंगळवारी कळलं.
त्याने त्याला विकला, ओल्या सोयाबीनसारखा.
गुरुवारी रेन्फ्रो दंड धरून मैदानातच खाली बसला.
ऑगीने मिळकत लिहिली
आणि सँडविच अर्धं ठेवलं.

ऑगस्टमध्ये एका रात्री, सामना रंगात असताना,
अख्ख्या गल्लीची वीज गेली.
तळघर काळं. पंखा थांबला.
तो मागच्या पायऱ्यांवर येऊन बसला.
कुंपणापलीकडे मिसेस बाल्चूनास अंधारातच मटार सोलत होत्या,
मांडीशी बॅटरीचा रेडिओ.
तीन-दोन, त्यांनी न विचारता सांगितलं. आपण मागे.
शेवटची इनिंग, तीन गडी तळांवर,
आणि बॅट घेऊन येतोय तो म्हातारा कॅचर, व्हिलास्मिल.
एकोणचाळीस वर्षांचा, गुडघे गेलेले.
ऑगीच्या गणितात त्याला चेंडू कुंपणापार धाडायची संधी
शंभरात चार. तीही वारा नसताना.
आज झेंडे आतल्या बाजूला फडफडत होते.
साडेसाताच्या खाली धावा, यावर ऑगीची मूठ लागलेली.

रेडिओतला माणूस आधी बोलत होता,
मग ओरडायला लागला,
मग त्याला शब्दच सुचेनात.
मिसेस बाल्चूनास उभ्या राहिल्या.
मटाराचं भांडं पायरीवरून पायरीवर घरंगळत गेलं.
गल्लीत कुठे कुठे, न दिसणारी माणसं
न दिसणाऱ्या खिडक्यांतून ओरडली.

आणि ऑगीचा हात वर गेला.
त्याने तो उचलला नव्हता.
तळवा आपल्याकडे, एक बोट उभं,
शाळेतल्या बेरजेत हातचा धरतात तसं.
घेतो. एक.
समोर कुंपण होतं, काळोख होता,
विकणारं कुणी नव्हतं.

मटार वेचायला तो पलीकडे गेला.
बरेचसे सापडले.

वीज बाराला आली.
त्याने वही उघडली. रक्कम: उणे तीनशे चाळीस.
भाव: आपल्या बाजूला सरकला होता.
गणित: बरोबर.
कारणाच्या रकान्यापाशी जरा वेळ थांबला
आणि लिहिलं,
वीज गेली होती.