वाळुंज

त्यांचं सगळं आयुष्य मला आदल्या रात्री
दोन पानांत मिळालं, ई-मेलने,
म्हणजे दुभाषी बाई अडखळायला नकोत.

आनेग्रेट फोस, वय चौऱ्याहत्तर.
अणुभट्टीच्या कुंपणाशी अकरा रात्री, जानेवारीत.
तीनदा अटक, एकदा नाकाचं हाड.
मग पक्ष. मग सभागृह,
तिथे पहिल्या दिवशी शेतातल्या बुटांनी गेल्या
म्हणून पेपरात फोटो, फक्त बुटांचा.
सहा वर्षं राज्याच्या पर्यावरणमंत्री.
आणि शेवटी, ओझरतीच,
एका महामार्गावरची सही.
त्यानंतर एक निवडणूक.
त्यानंतर पान कोरं.

सकाळी साडेनऊ, बंडगार्डनच्या खाली.
महापालिकेने पुष्पगुच्छ दिला, प्लास्टिकमध्ये.
त्यांनी प्लास्टिक सोडवलं, रुमालासारखी घडी घातली,
पर्समध्ये ठेवली.
कुणी काही बोललं नाही. आम्ही पुण्याचे,
आम्हाला टोमणा कुठल्याही भाषेत कळतो.

कार्यकारी अभियंता चिंचोरे यांनी नकाशा उलगडला,
चार कोपऱ्यांवर चार पाण्याच्या बाटल्या.
नकाशातली नदी निळी होती.
मी बोलत गेले त्यांच्या मागोमाग:
सुशोभीकरण, पदपथ, पूररेषा, बाधित वृक्ष.
'बाधित'ला मी जो शब्द वापरला
तो तिकडे बातम्यांत पूरग्रस्त माणसांसाठी येतो.
चिंचोऱ्यांना पत्ता नाही.
बाईंनी मात्र माझ्याकडे एकदा पाहिलं.

खोडांवर पिवळे आकडे. ११७. ११८. ११९.
१२० पाशी त्या थांबल्या, म्हणाल्या,
'आमच्याकडे म्हणतात, कुजकी तडजोड.
माझी कुजकी होती का, अजून ठरत नाही.
त्या सहीच्या बदल्यात दोन कोळशाच्या खाणी बंद केल्या.
जंगल गेलं.
जंगलात झाडावर फळ्या ठोकून
माझी मुलगी राहत होती, इतर पोरांबरोबर.
पोलिसांनी तिला उतरवलं तेव्हा
मी मंत्रालयात खाणींचा कागद वाचत होते.
वाढदिवसाला कार्ड पाठवते अजून.
नुसतं नाव लिहून.'

'काय म्हणतायत मॅडम?' चिंचोऱ्यांनी विचारलं.
'म्हणतायत, उपक्रम स्तुत्य आहे.'

ही माझी. कुजकी की कशी, तुम्ही बघा.

पुढे वळणावर, जिथे पाण्याला वास आहे
आणि वासाची सवय झाल्याची लाजही,
एक झाड पाण्यात वाकून.
पानं अरुंद, वाऱ्याने उलटली की पांढरट.
त्यांनी चिखलात पाय घातला, नेहमीचे असावेत तसे,
आणि हात ठेवून म्हणाल्या, 'वायद.'
मला क्षणभर मराठीच ऐकू आलं: वायदा.
'आमच्या नदीवर हेच. तुमच्यात काय म्हणतात?'

एकतीस वर्षं मी शब्दांवर पोट भरते.
मला झाड माहीत होतं, रोजचं, पुलावरून.
नाव माहीत नव्हतं.

'वाळुंज,' मागून लिंबाजी खुडे म्हणाला,
उद्यान खात्याचा, पाइप गुंडाळत.
'याला नंबर न्हाई. मोजायला आले तवा
कमरेएवढं पाणी होतं. कोण उतरतंय?'

चिंचोरे लांब, फोनवर.
मी भाषांतर केलं, या वेळी शब्दाला शब्द.

'म्हणजे यादीत आलं तर वाचेल,' त्यांनी विचारलं,
'की यादीत आलं तर जाईल?'
लिंबाजीला विचारलं.
तो हसला, दात नसलेल्या बाजूने.
'ते कुणाला म्हाईत, बाई.'

सहा वर्षं खातं चालवलेली बाई
एका झाडापाशी इतका वेळ घेते.
बूट हळूहळू खाली चाललेले.
पाण्यावरून एक थर्माकोलची थाळी आली,
खोडाला टेकली, फिरली, निघाली.

चिंचोरे फोन खिशात घालत येताना दिसले.
'यांना,' त्या हळूच मला म्हणाल्या,
आणि पुढचं क्रियापद,
जे त्यांच्या भाषेत वाक्याच्या शेवटी येतं,
त्यांना सापडेना.
मी वाट पाहत राहिले.